सीमायुक्त क्षेत्रावरील डिरॅक-कारक

कारक म्हणजे केवळ विकलनाचे सूत्र नव्हे. सूत्र आणि ज्या फलनांवर ते चालवायचे त्यांचा समुच्चय, ही जोडी म्हणजे कारक. क्षेत्राला सीमा असली की हा समुच्चय सीमेवरील अटींनी ठरतो. म्हणून सूत्र तेच राहूनही अट बदलताच वर्णपट, म्हणजे लक्षणमूल्यांचा संच, बदलू शकतो.

अटी किती, हे समीकरणाच्या कोटीवरून ठरते. चाकणच्या कारखान्यातला पातळ पत्रा कडांनी आवळला, तर त्याच्या कंपनाचे समीकरण चौथ्या कोटीचे असल्याने कडेवर दोन अटी लागतात : विस्थापन शून्य आणि उतारही शून्य. ताणलेल्या पडद्याचे समीकरण दुसऱ्या कोटीचे, म्हणून अट एक. डिरॅक यांचे १९२८चे सापेक्षतावादी समीकरण पहिल्या कोटीचे; या हिशेबाने त्याला अर्धीच अट हवी. तरंगफलनाला अनेक घटक असतात म्हणूनच या अर्ध्या अटीला अर्थ येतो : बंधन निम्म्या घटकांवर. सगळे घटक कडेवर शून्य केले तर एकही लक्षणफलन उरत नाही.

निम्मे कोणते, हा खरा प्रश्न. त्याची उत्तरे दोन प्रकारची.

(१) स्थानिक. अट सीमेच्या प्रत्येक बिंदूवर स्वतंत्रपणे तपासता येते. १९७४ची एमआयटी-पिशवी (क्वार्क बंद क्षेत्रात कोंडलेले मानणारे प्रतिमान) या प्रकारातली : प्रवाह सीमेबाहेर जाऊ नये, एवढीच मागणी. गोलाकार पिशवीत वस्तुमानरहित कणाची किमान ऊर्जा त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते.

(२) सार्वत्रिक. सम मितीत तरंगफलनाचे घटक ‘डावे’ व ‘उजवे’ अशा दोन गटांत विभागतात; डावे घटक उजव्यांकडे नेणारा कारक एकटा घेतला, तर योग्य स्थानिक अट सामान्यतः मिळतच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील विजयकुमार पाटोदी यांनी गणितज्ञ अतिया व सिंगर यांच्यासह १९७५ मध्ये दिलेली वाट अशी : सीमेवरच जगणाऱ्या कारकाची लक्षणमूल्ये घ्यावीत आणि फलनाचा अऋण लक्षणमूल्यांवरील प्रक्षेप शून्य करावा. ही अट तपासायला संपूर्ण सीमा एकदम पाहावी लागते.

या निवडीची किंमत निर्देशांकाच्या, म्हणजे कारकाच्या व त्याच्या संलग्न कारकाच्या शून्य-उकलींच्या संख्यांतील फरकाच्या, सूत्रात दिसते. क्षेत्रावरील संकलनातून दोन राशींच्या बेरजेचा निम्मा भाग वजा होतो : सीमा-कारकाच्या शून्य लक्षणमूल्यांची संख्या आणि ‘ईटा’. ईटा म्हणजे धन व ऋण लक्षणमूल्यांच्या संख्यांतील फरक. दोन्ही संख्या अनंत असल्याने तो सरळ मोजता येत नाही, वैश्लेषिक विस्ताराने काढावा लागतो. सीमा वर्तुळ असून लक्षणमूल्ये ‘पूर्णांक अधिक अ’ असतील (अ शून्य व एक यांच्या दरम्यान), तर ईटा १ − २अ येतो. अ = १/२ असता दोन्ही बाजू सममित, ईटा शून्य; अ = १/४ असता तो १/२.