एका जुन्या मोटारसायकलची कुळकथा



जुनी मोटारसायकल विकत घेतली म्हणजे ती आपल्या नांवावर करून घेण्यासाठीं परिवहन खात्याकडे अर्ज करावा लागतो, हें आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. त्या अर्जाबरोबर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाचा ठसा जोडण्याची चाल आपल्याकडे आहे. क्रमांकावर पातळ कागद धरावयाचा, वरून पेन्सिल घासावयाची, आणि खोलगट आंकडे कागदावर पांढरे उमटले कीं तो कागद अर्जाला चिकटवावयाचा. शिलालेखाचा ठसा घेणारा संशोधक आणि हा अर्जदार यांच्या कृतींत तत्त्वतः फारसें अंतर नाहीं. समोर जें आहे तें खरोखर तेंच आहे, एवढेंच दोघांनाही सिद्ध करावयाचें असतें.

रोजच्या वापरांतील गाडीच्या बाबतींत हें काम पांच मिनिटांत आटोपतें. परंतु सत्तर वर्षांपूर्वीं परदेशांतील डोंगराळ वाटांवर झुंजलेल्या एखाद्या गाडीविषयीं ‘हिचें इंजिन मूळचेंच का? हिचा सांगाडा मूळचाच का?’ असें कोणी विचारलें, तर त्या प्रश्नाला इतिहासाचें रूप येतें. आज आपण त्याच प्रश्नाचा विचार करूं. आणि उदाहरणासाठीं गाडी घेऊं ती आपल्या ओळखीचीच, म्हणजे बुलेट.

ही बुलेट मूळची इंग्लंडची. वूस्टरशायर परगण्यांतील रेडिच गांवीं रॉयल एन्फील्डचा कारखाना होता. तेथें तयार झालेल्या नव्या बुलेटचे नमुने १९४८ च्या फेब्रुवारींत ‘कोलमोर कप’ या ट्रायलमध्यें प्रथम उतरले. ट्रायल म्हणजे वेगाची शर्यत नव्हे. दगडगोटे, ओढे, चिखलाचे चढ अशा आंखून दिलेल्या टप्प्यांतून स्वारानें पाय जमिनीला न लावतां गाडी पार न्यावयाची असते. पाय एकदां टेकला तर एक दोषगुण, पुनःपुन्हा टेकला तर तीन, आणि गाडी अडली तर पांच, असा त्या काळचा सर्वसाधारण हिशेब. त्या नमुन्यांच्या मागील चाकाला झुलता काटा आणि तेलानें धक्के शोषणारे दांडे होते. ट्रायलच्या गाडीला मागें ताठ सांगाडाच हवा अशी तेव्हां स्वारांची ठाम समजूत असे. त्यामुळें कित्येकांनीं नाकें मुरडलीं. परंतु त्याच वर्षीं इटलींतील सान रेमो येथें झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या चाचणींत चार्ली रॉजर्स आणि व्हिक ब्रिटन यांनीं बुलेटवर सुवर्णपदकें मिळविलीं. पुढें व्हिकचा मुलगा जॉनी ब्रिटन यानें १९५२ आणि १९५७ सालीं स्कॉटलंडची सहा दिवसांची विख्यात ट्रायल जिंकली, आणि त्याच्या गाडीवरील ‘एच्. एन्. पी. ३३१’ ही पाटी सर्वतोमुखीं झाली.

आतां घोटाळ्याचें मूळ पाहूं. ट्रायलची बुलेट आणि रस्त्यावरची बुलेट या सख्ख्या बहिणी. धूर सोडणारी नळी वर उचललेली, पुढचें चाक २१ इंची, पेट्रोलची टाकी लहान, पहिला गिअर अतिशय मंद, असे कांहीं फरक सोडले तर दोघींचा पिंड एकच. हे सर्व फरक पान्यानें खोलतां आणि बसवितां येण्याजोगे आहेत. त्यांत भर पडली ती आपल्या देशाची. १९५५ सालीं मद्रास येथें एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली. आरंभीं इंग्लंडहून आलेले भाग येथें जुळविले जात. १९६२ च्या सुमारास सगळे भाग येथेंच होऊं लागले. रेडिचचा कारखाना १९६७ सालीं बंद झाला, पण मद्रासची बुलेट चालूच राहिली. साहजिकच मद्रासचें इंजिन रेडिचच्या सांगाड्यांत बसविणें अवघड नाहीं. पुढें २०१९ सालीं कंपनीनें ब्रिटनच्या गाडीचा वेष दिलेली ‘बुलेट ट्रायल्स’ भारतांत विक्रीलाही काढली. तो उघड उघड वेष होता, त्यांत फसवणूक नव्हती. मात्र जुन्या, नांवाजलेल्या गाडीला साध्या गाडीच्या कितीतरी पट किंमत येते. तेव्हां तोच वेष गुपचूप चढविण्याचा मोह कोणाला झाला तर नवल नाहीं.

अशा गाडीच्या बाबतींत आपणांपुढें तीन साक्षीदार उभे असतात: नोंदणीची पाटी, सांगाडा आणि इंजिन. पैकीं पाटी ही सर्वांत बोलकी आणि सर्वांत कमी भरंवशाची. याचें एक प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या एका कारखान्याचें आहे. सॅमी मिलर या स्वारानें बर्मिंगहॅमच्या एरियल कारखान्याच्या गाडीवर १९६२ आणि १९६४ सालीं स्कॉटलंडची ट्रायल जिंकली. तिची पाटी होती ‘जी. ओ. व्ही. १३२’. हीं अक्षरें बर्मिंगहॅम शहरानें १९४० च्या दशकांत दिलेलीं. आणि मिलरची ‘एच्. टी. ५’ जातीची गाडी तर १९५० च्या दशकाच्या मध्यावर निघालेली! पाटी गाडीहून वडील आहे. कारखान्यांच्या स्पर्धा-विभागांत पाट्या अशा एका गाडीवरून दुसरीवर जात असत. नांव तेंच राही, अंग बदले.

पाटीला कागदाचा आधार मिळाला तरच तिची साक्ष टिकते. ब्रिटनमध्यें १९२१ पासून प्रत्येक गाडीचें नोंदपुस्तक असे व परगण्यांच्या कचेऱ्यांत मूळ वह्या असत. १९७४ पासून हें काम स्वान्सी येथील मध्यवर्ती कचेरीकडे गेलें. तेव्हां कित्येक स्थानिक वह्या नष्ट झाल्या, कांहीं दफ्तरखान्यांत वांचल्या. १९८३ च्या अखेरपर्यंत ज्या गाडीची नवी नोंद झाली नाहीं तिचा जुना क्रमांक गेला. तो परत मिळवावयाचा तर जुना कागद दाखवावा लागतो, आणि त्यावरील सांगाड्याचा क्रमांक गाडीवर खरोखर आहे, असें जाणकार संघानें पाहून सांगावें लागतें. आजोबांची गाडी गोठ्यांतून बाहेर काढणाऱ्या नातवाचें सारें भवितव्य अशा वेळीं त्या चार-पांच आंकड्यांवर अवलंबून असतें.

दुसरा साक्षीदार सांगाडा. हा कमी बोलतो, पण सहसा खोटें बोलत नाहीं. त्याचा क्रमांक बहुधा मुठीचा दांडा ज्यांत फिरतो त्या पुढच्या डोक्यापाशीं ठोकलेला असतो. परंतु क्रमांकावर थांबूं नये. त्या काळचे ब्रिटिश सांगाडे बहुतांशीं ओतीव सांध्यांत पोलादी नळ्या बसवून पितळेनें झाळलेले असत. एखाद्या ठिकाणीं वितळजोडाची जाड शिवण दिसली, तर तेथें मागाहून हात फिरला आहे असें समजावें. बुलेटचा सांगाडा खालून मोकळा असतो. पुढची नळी इंजिनापाशीं येऊन थांबते आणि इंजिनच त्या सांगाड्याचा दुवा बनतें. म्हणून ज्या कानांना इंजिन बोल्टांनीं आवळलेलें असतें ते कान निरखून पाहावे. भोकें वाढविलेलीं किंवा कान कापून पुन्हा जोडलेले दिसले, तर पूर्वीं तेथें दुसरेंच कांहीं बसत होतें.

तिसरा साक्षीदार इंजिन. याचा क्रमांक क्रँककेसवर ठोकलेला असतो. येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. सांगाड्याचा आणि इंजिनाचा आंकडा एकच असेल तरच गाडी अस्सल, असें पुष्कळ लोक मानतात. ट्रायंफ कारखान्याच्या बऱ्याच गाड्यांना तें लागू पडतें, पण बी. एस्. ए. सारख्या कारखान्यांत दोन्ही क्रमांकांच्या माळा अनेक वर्षें निरनिराळ्या चालत. तेथें आंकडे न जुळणें हेंच स्वाभाविक. उलट, जेथें ते जुळावयास नकोत तेथें नेमके जुळले, तर शंका घ्यावी!

क्रँककेसचे दोन अर्ध एकत्र धरून आंतील भोकें कोरलेलीं असतात. म्हणून ते जन्माचे जोडीदार. कित्येक ब्रिटिश कारखाने या दोन्ही अर्धांच्या तळाला एकच खूण ठोकीत. वरचा क्रमांक बरोबर आणि तळच्या खुणा भिन्न, असें आढळलें तर एक अर्ध दुसऱ्या इंजिनाचा आहे हें उघड झालें. क्रमांकाखालचा पृष्ठभागही पाहावा. कारखान्यांत आंकडे एकेक ठसा हातोडीनें ठोकून उमटवीत, त्यामुळें ते किंचित् वेडेवांकडे असतात. पण खालचा भाग ओतकामाच्या वेळचा असतो. तो शेजारच्या भागाहून खोल गेला असेल, त्यावर कानशीचे ओरखडे असतील, तर जुने आंकडे कोणी घासून टाकले आहेत. पोलादावर घासलेला आंकडादेखील पुष्कळदां परत दिसूं शकतो. ठशाच्या आघातानें आंकड्याखालचें धातु खोलवर दबलेलें असतें. पृष्ठभाग चकचकीत करून त्यावर विशिष्ट आम्ल फिरविलें म्हणजे दबलेला आणि न दबलेला भाग निरनिराळ्या रीतीनें झिजतो, आणि पुसलेला आंकडा अंधुक उमटतो. गुन्हेशोधक हीच युक्ति वापरतात.

तिघांच्या साक्षी झाल्यावर त्या कारखान्याच्या रवानगीवहीशीं ताडून पाहाव्या. कोणत्या दिवशीं, कोणत्या इंजिनाची, कोणत्या सांगाड्याची गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली, हें अशा वह्यांत लिहिलेलें असे. १९४६ सालीं स्थापन झालेल्या ‘व्हिंटेज मोटर सायकल क्लब’सारख्या संघांनीं अनेक कारखान्यांचें दफ्तर जपून ठेविलें आहे. अस्सल कागद, नक्कल आणि मागाहून रचलेली बखर यांची प्रतवारी लावावयास राजवाड्यांनीं आपल्याला शिकविलें. येथेंही तोच विवेक उपयोगी पडतो. गाडीचा रंग आणि विक्रेत्याची रसाळ कहाणी ही झाली बखर. ठोकलेला आंकडा आणि त्या दिवशींची नोंद हीं झालीं अस्सल पत्रें.

तरीही एक प्रश्न उरतोच. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन राजा मिलिंदाला विचारतो कीं, आंख म्हणजे रथ का, चाकें म्हणजे रथ का? त्या सर्वांच्या योगानें ‘रथ’ हें नांव पडतें, असा तेथें निर्णय आहे. ट्रायलच्या गाडीला तो फार लागू पडतो. मिलरनें आपल्या एरियलला पुढें हलक्या नळ्यांचा नवा सांगाडा घातला, जागोजाग वजन उतरविलें. कारखान्याच्या वहीप्रमाणें पाहिलें तर ती मूळची राहिली नाहीं. पण जिंकली ती त्याच रूपांत! तिला आज कोणी ‘शुद्ध’ करावयास निघाला, तर तो इतिहास पुसून टाकील. म्हणून नुसतें ‘मूळची का?’ असें विचारूं नये. ‘कोणत्या दिवशींची मूळची?’ असें विचारावें.

ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी असेल त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे. इंजिन एका सालचें आणि सांगाडा दुसऱ्या सालचा निघाला तर त्यांत कांहीं कमीपणा नाहीं. तसें स्वच्छ लिहून ठेवावें. जो भाग बदलाल त्याची तारीख टिपावी, आणि काढलेला भाग भंगारांत न देतां चिठ्ठी बांधून ठेवावा. क्रमांकाचें छायाचित्र घ्यावें, पण त्यावर कानस किंवा पॉलिशचें चाक कधींही फिरूं देऊं नये. रंग उडाला तर पुन्हा देतां येतो. घासलेला आंकडा कारागिराच्या हौसेनें परत येत नाहीं, आणि त्याबरोबर पुढच्या माणसाचा खरें जाणण्याचा हक्कही जातो.