विद्वत्सभांचा संघ आणि महाभारत
1899 साली वीसबाडेन येथे पाश्चात्त्य राष्ट्रांच्या विद्वत्सभांनी जो संघ स्थापिला, त्याच्या दफ्तरात 1904 मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा संकल्पही दाखल झाला, ही गोष्ट आपण कृतज्ञतेने स्मरावी अशीच आहे. संस्कृतज्ञ विंटरनित्झ यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला होता. दुसरे संस्कृतज्ञ ल्यूडर्स यांनी तर हस्तलिखिते ताडून 1908 मध्ये आदिपर्वाचा अल्पसा नमुना सिद्धही केला. परंतु ज्या पंडितांनी एकत्र बसून पाठभेद तपासावयाचे, त्यांनाच 1914 च्या महायुद्धाने परस्परांचे शत्रू ठरविले, आणि तो संघ विस्कटला. हे खंडित कार्य 1919 मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेने शिरावर घेतले. 1925 पासून संपादक वि. सी. सुकथनकरांनी, माझ्या मते अतुलनीय निष्ठेने, त्यास शास्त्रशुद्ध शिस्त लावली, व 1966 मध्ये ते पूर्णत्वास गेले.