दफ्तराचा धाक

तुमच्या ओळखीत एखादे सबनीस असतील. नसले तर पोतनीस असतील, चिटणीस असतील, मुजुमदार, जामदार, कारखानीस किंवा दफ्तरदार यांपैकी कुणीतरी नक्कीच असेल. शाळेच्या हजेरीपटावर ही नावे ओळीने येतात आणि आपण ती हाक मारण्यापुरती वापरतो. पण थोडे थांबून पाहा. ही सारी एका कचेरीत शेजारी शेजारी बसणाऱ्या माणसांची नावे आहेत, आणि ती माणसे तेथे बसवली होती ती मुख्यतः एकमेकांवर नजर ठेवण्यासाठी. दूरच्या परगण्यातला पैसा आपल्या नकळत कुणी खाऊ नये, याची पुण्यात बसून तजवीज कशी करायची, हा पेशव्यांच्या कारभारापुढचा प्रश्न होता. तो त्यांनी कसा सोडवला आणि पुढे तो कसा बिघडला, एवढीच हकीगत येथे सांगायची आहे.

कल्पना जुनीच होती. शिवाजीमहाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत वर्णिली आहे. गड कुणा एकट्याच्या ताब्यात द्यायचा नाही, अशी रीत. हवालदार आणि सरनोबत असत, त्यांच्या जोडीला हिशेब लिहिणारा सबनीस आणि कोठाराचा कारखानीस असे. शत्रूने एकाला फितवले म्हणून किल्ला जाऊ नये, हा त्यातला हेतू उघड आहे. पण दाणागोटा आणि दारूगोळा यांच्या हिशेबालाही हीच युक्ती लागू पडत होती, हे विसरू नका. एकाने द्यायचे, दुसऱ्याने लिहायचे.

पेशवाईत हीच युक्ती मुलकी कारभारात पसरली. परगण्यावर मामलेदार नेमला जाई, लहान टापूवर कमाविसदार. त्याला जाताना पुण्याहून बेहडा मिळे. बेहडा म्हणजे यंदा वसूल किती यावा, खर्च कोणत्या बाबींवर किती व्हावा, याचा आगाऊ अंदाज. आजच्या भाषेत अंदाजपत्रक म्हणा. शिपाई किती, कारकून किती, कुणाला काय पगार, याचा तैनातजाबता ठरलेला. शिवाय येणाऱ्या वसुलाच्या भरवशावर त्याने काही रक्कम सरकारात अगोदरच भरायची. तिला रसद म्हणत, आणि तिच्यावर त्याला व्याज मिळे. म्हणजे मामलेदार हा सरकारचा नोकर, आणि त्याच वेळी सरकारचा सावकारही! ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

आता त्याची कचेरी पाहू. तिथे दरकदार बसत, साधारणपणे आठ. दिवाण प्रत्येक हुकमावर आपली सही करी. मुजुमदार जमाखर्च तपासून मंजुरीची खूण करी. मजमू म्हणजे बेरीज, ती सांभाळणारा तो मुजुमदार. फडणीस हुकमांवर तारखा घाली आणि रोजकीर्द लिही. फर्द म्हणजे यादी, ती लिहिणारा फर्दनवीस, त्याचाच आपल्या तोंडी फडणीस झाला. दफ्तरदार त्या रोजकीर्दीवरून खतावणी करी आणि दर महिन्याला तिचा गोषवारा हुजुरात धाडी. पोतनीस आलेल्या पैशाचा आणि शिलकेचा हिशेब ठेवी, तर पोतदार नाणे पारखून घेई. पोतदार दोन असत. नाणी नाना टाकसाळींची आणि नाना कसांची, तेव्हा एकाच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवणे परवडणारे नव्हते. उरले सभासद आणि चिटणीस. त्यांच्याकडे किरकोळ कज्ज्यांची नोंद आणि पत्रव्यवहार असे.

यात विशेष ते काय, असे तुम्ही म्हणाल. कारकून तर प्रत्येक कचेरीत असतातच. विशेष हे की, मामलेदाराला यांतल्या एकालाही काढून टाकता येत नसे. ते त्याचे नोकरच नव्हते! त्यांची नेमणूक वरून, बहुधा वंशपरंपरेची. त्यांच्या ठरल्या कामाखेरीज दुसरे काम त्यांना सांगण्याचीही त्याला मुभा नव्हती. ज्याचा हिशेब तपासायचा त्याच्याच हातात तपासनिसाची भाकर असली की तपासणी कशी होते, हे तुम्हांआम्हांला सांगायला नको. पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी ती भाकर वेगळ्या चुलीवर ठेवली होती.

एवढ्यानेही त्यांचे समाधान नव्हते. मामलेदाराचे कागद पुण्यास आले तरी देशमुख-देशपांड्यांचे पडताळ्याचे कागद सोबत असल्याखेरीज ते मान्य होत नसत. देशपांडे पिढ्यान्पिढ्या त्या मातीतला. मामलेदार येतील आणि जातील, तो तिथेच. गावात पाटील आणि कुळकर्णी होतेच. असे खालून एक हिशेब, मधून एक हिशेब आणि कचेरीतून एक, अशा तीन वाटांनी कागद पुण्यात पोचत आणि तेथे त्यांची रुजवात होई.

ती होई हुजूर दफ्तरात. शनिवारवाड्याचे वैभव आपण पुष्कळ ऐकतो, पण त्या वैभवाचा कणा म्हणजे हे दफ्तर. ऐन भरभराटीच्या काळात तेथे दोनशेहून अधिक कारकून मोडीत लिहीत बसलेले असत. फडात रोजची कीर्द, बेहड्याच्या शाखेत परगण्यांचे हिशेब, सरंजामाच्या शाखेत सरदारांना लावून दिलेल्या मुलुखाचे कागद, आणि एकबेरीज दफ्तरात सगळ्यांची मिळून बेरीज. त्यातून वर्षाचा तर्जुमा निघे, म्हणजे अवघ्या राज्याची जमा, खर्च आणि बाकी एका नजरेत. साल मृगाला सुरू व्हायचे, आणि ते रास्तच होते; ज्याचे उत्पन्न पावसावर त्याचे हिशेबाचे वर्षही पावसानेच उघडावे.

या दफ्तराने एका माणसाला केवढे मोठे केले पाहा. दर्जाने मुजुमदार फडणिसाच्या वरचा. तरी उत्तर पेशवाईत राज्याची सूत्रे आली ती बाळाजी जनार्दन भानू यांच्या, म्हणजे नाना फडणीसांच्या हाती. नाना रणांगणावरचे वीर नव्हते, हे त्यांनी स्वतःही कधी लपवले नाही. बुद्धी तर त्यांची होतीच, पण माझ्या मते त्यांच्या सामर्थ्याचे निम्मे रहस्य रोजकीर्दीत आहे. वर्षअखेरची बेरीज ज्याच्याकडे येते त्याला काय झाले ते कळते. रोजची नोंद ज्याच्या हातून जाते त्याला काय चालले आहे ते कळते.

घरच्या मामलेदाराला हा धाक पुरे होता. पण सरदारांचे काय? हा प्रश्न अधिक अवघड, कारण सरंजामी सरदार म्हणजे जवळजवळ स्वतंत्र संस्थानच. त्याला मुलूख लावून द्यायचा, त्याच्या उत्पन्नातून त्याने फौज बाळगायची आणि हिशेब हुजुरास द्यायचा, असा करार. त्यांच्याकडेही हुजुरातून फडणीस, मुजुमदार असे दरकदार नेमण्याची पद्धत होती. सरदार पुण्याच्या जवळ आणि पुण्याचा हात बळकट, तोवर ती चालली. पण ज्याच्या पदरी द बॉयनने उभी केलेली कवायती पलटणे आहेत, दिल्लीच्या बादशहाची वकील-इ-मुतलकी ज्याने मिळवली आहे, त्याला कुठला दरकदार हिशेब विचारणार?

तो प्रसंग आलाच. जून १७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्यास आले. उत्तरेतल्या मुलुखाचा वसूल काय झाला, सरकारची बाकी किती, असा नानांचा सवाल. महादजींचा जबाब उलटा : हिंदुस्थानात सरकारच्या नावासाठी मी कर्ज काढून फौज पोसली, तेव्हा बाकी निघते ती तुमच्याकडे! दोघेही स्वतःला धनको समजत होते. आणि खरे सांगायचे तर दोघांच्याही बाजूने काही बोलण्यासारखे होते. फौज किती असावी आणि ती कुणाच्या हुकमावरून वाढवावी, हेच जेथे आधी ठरलेले नाही, तेथे नुसत्या वह्या जुळवून काय साधणार? बेहडाच नव्हता, मग रुजवात कशाशी घालायची? वाद लांबला, आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला महादजी वारले.

आता दुखण्याकडे येऊ. हा धाक इतका पक्का होता, तर मग मामलेदार गबर कसे झाले? याचे उत्तर एल्फिन्स्टनच्या १८१९ सालच्या अहवालात सापडते. ते वाचून हसावे की रडावे कळत नाही. वसूल लपवणे, खोटी सूट दाखवणे, शिपायांची हजेरी फुगवणे हे मार्ग होतेच. पण खरी मेख होती सादिलवार खर्चात. किरकोळ खर्चाच्या नावाखाली रयतेवर जादा पट्टी बसे, आणि त्यात एक कलम असे दरबारखर्चाचे, ऊर्फ अंतस्थाचे. वरच्या कारभाऱ्यांनी आणि तपासनिसांनी डोळे झाकावेत म्हणून गुपचूप द्यायची ती रक्कम. पुढे ती इतकी अंगवळणी पडली की लाचेचा हक्क झाला, हक्काचे कलम झाले, आणि मग इतर खर्चाबरोबर तेही कलम रीतसर तपासले जाऊ लागले! पण उघड झालेल्या लाचेने तोंड कसे बंद होणार? म्हणून गुपचूप देण्यासाठी पुन्हा नवी पट्टी. तपासणारे अशा नाजूक बाबतीत फार खोल जात नसत, त्यामुळे आश्रयदात्यांच्या नावावर मामलेदार आपल्यासाठीच अधिक गोळा करी.

तरीही नाना होते तोवर दफ्तर जिवंत होते. १३ मार्च १८०० रोजी ते वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत मामलती मक्त्याने, जास्त बोली करणाऱ्यास मिळू लागल्या. मक्तेदाराने पोटमक्तेदार नेमावे, त्याने खालच्याला विकावे, असे करत ते लोण गावापर्यंत पोचले. मघाशी रसद लक्षात ठेवा म्हटले होते ते यासाठी. सावकारीचा अंश त्या नोकरीत पहिल्यापासूनच होता. आता नोकरीचा अंश गळाला आणि नुसता सौदा उरला. ठोक रक्कम आधीच हाती आली की ती कशी वसूल झाली, कुणाची गुरे विकली गेली, याची चौकशी करण्याचे धन्याला कारण राहत नाही. मग बेहडा कशाला, खतावणी कशाला आणि ते दोनशे कारकून तरी कशाला? दफ्तराची आबाळ झाली, माणसे कमी झाली आणि कागद लोकांनी घरोघर नेले.

१८१८ मध्ये राज्य गेले. नव्या राज्यकर्त्यांनी मात्र ते कागद गोळा केले, नीट लावले आणि १८५२ च्या इनाम कमिशनला ते शस्त्रासारखे उपयोगी पडले. पणजोबांच्या हाती सनद पडली होती, असे सांगत इनामदार कमिशनपुढे उभा राही. आणि समोरचा कारकून रुमाल सोडून त्या सालच्या नोंदीत तिचा मागमूस आहे का ते पाही. मामलेदारांना धाक म्हणून लिहिलेल्या ओळींनी कित्येक घरांची इनामे खालसा केली. गोविंद सखाराम सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात या दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. त्यांत लढाया आहेत, कारस्थाने आहेत, खाजगी पत्रे आहेत. पुण्याच्या लेखागारात हिशेबांचे जे हजारो रुमाल आहेत, ते मात्र बहुतांशी बांधलेलेच राहिले.