कृषी शास्त्रज्ञाचं काम मोजायचं कसं? सायटेशन, एच-इंडेक्स आणि बांधावरचं वाण

शहापूर / मुरबाड : खरिपाच्या तोंडावर शेतकरी मेळावे सुरू होतात. व्यासपीठावरच्या शास्त्रज्ञांची ओळख करून देताना 'एवढे शोधनिबंध, एवढी सायटेशन' असे आकडे सांगितले जातात. टाळ्याही पडतात. पण या आकड्यांचा अर्थ काय, हे कुणी सांगत नाही. वाण चुकलं तर अख्खा हंगाम हातचा जातो. त्यामुळे हा आकडा कुठे कामाचा आणि कुठे नाही, हे शेतकऱ्यालाही माहीत असलेलं बरं.

सायटेशन म्हणजे काय?

शास्त्रज्ञ प्रयोग करतो आणि त्याचे निष्कर्ष लिहून नियतकालिकात छापतो. हा झाला शोधनिबंध. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञाने आपल्या निबंधात त्याचा आधार घेतला आणि तसा उल्लेख केला, की पहिल्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. म्हणजे सायटेशन ही शास्त्रज्ञाच्या कामाची दुसऱ्या शास्त्रज्ञांनी घेतलेली नोंद आहे. शेतकऱ्याने घेतलेली नोंद त्यात येत नाही.

एच-इंडेक्स कसा काढतात?

ही पद्धत २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने मांडली. समजा, एका शास्त्रज्ञाचे ८ निबंध आहेत. त्यांना अनुक्रमे ४०, २२, ९, ६, ५, ३, १ आणि ० सायटेशन मिळाली. एकूण झाली ८६. आता वरून मोजत यायचं. पाचव्या निबंधाला ५ सायटेशन आहेत, पण सहाव्याला ३च आहेत. म्हणजे निदान ५ सायटेशन मिळालेले निबंध ५ झाले, म्हणून एच-इंडेक्स ५. एकच निबंध गाजला म्हणून हा आकडा फुगत नाही आणि नुसते ढीगभर निबंध छापले म्हणूनही वाढत नाही. दहा किंवा जास्त सायटेशन मिळालेले निबंध किती, हे आय-टेन इंडेक्स सांगतो. वरच्या उदाहरणात तो २ येतो.

मोबाईलवर 'गूगल स्कॉलर' उघडून इंग्रजीत नाव टाकलं, तर ज्या शास्त्रज्ञाने स्वतःचं खातं बनवलंय त्याचे हे तिन्ही आकडे दिसतात. नावासारखं नाव असतं, म्हणून संस्थेचं नावही तपासून घ्यावं. कृषी विद्यापीठांतले प्रबंध 'कृषिकोश' या सरकारी भांडारात बघता येतात.

आकडा कुठे कमी पडतो?

गहू, मका, जनुकशास्त्र यांवर जगभर हजारो लोक काम करतात, त्यामुळे त्या विषयात सायटेशन भराभर वाढतात. कोकणातली नागली, वरी किंवा वरकस जमीन यावर काम करणारे थोडे, म्हणून उल्लेखही थोडे. काम हलकं असतं असं नाही, वाचणारे कमी असतात. काही जण स्वतःच्याच जुन्या निबंधांचा उल्लेख करून आकडा वाढवतात. पैसे घेऊन काहीही छापणारी बोगस नियतकालिकंही निघाली आहेत. दुसरीकडे, एखाद्या शास्त्रज्ञाने कृषी विभागाच्या 'शेतकरी' मासिकात मराठीत लेख लिहिला आणि तो शेकडो शेतकऱ्यांनी वापरला, तरी सायटेशनच्या खात्यात बहुधा शून्यच.

भाताचं वाण हे तर निबंधापेक्षा वेगळंच फळ. संकर, निवड, चाचण्या यांत वर्षानुवर्षं जातात आणि हाताशी येतं ते एक नाव. मुरबाडच्या शेजारी, रायगडच्या कर्जतला भात संशोधन केंद्र आहे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-५, कर्जत-२ ही वाणं तिथलीच. आपल्याकडे माळावर हळवं आणि सखल खाचरात गरवं भात करणारा शेतकरी ही नावं रोज घेतो. पण शेतकऱ्याने नाव घेतलं म्हणून कुणाचा एच-इंडेक्स वाढत नाही.

एकही निबंध नसलेला संशोधक

याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दादाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे अल्पभूधारक शेतकरी. शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल-३' भाताच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचं बी त्यांनी बाजूला ठेवलं, वेगळं पेरलं, वर्षानुवर्षं निवडत नेलं. तांदूळ बारीक निघाला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला 'एचएमटी' नाव पडलं. १९९४ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून ५ किलो बियाणं नेलं. १९९८ मध्ये विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हे वाण आणलं. श्रेय कुणाचं, यावर पुढे बराच वाद झाला. २०१० साली 'फोर्ब्स'ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत दादाजींचं नाव घेतलं. ३ जून २०१८ रोजी ते वारले. त्यांच्या नावावर शोधनिबंध नव्हता, तरी एचएमटी तांदूळ विदर्भाबाहेरच्या दुकानांतही पोचला.

दादाजींनी हे बी निवडलं तेव्हा शेतकऱ्याला वाणाची नोंद करण्याची सोय नव्हती. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यामुळे आता शेतकऱ्यालाही आपलं वाण स्वतःच्या नावे नोंदवता येतं. आपल्या तालुक्यांत जुनी गावरान भातं राखणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग विचारायचं काय?

सायटेशन फुकट नाहीत. शास्त्रज्ञाच्या कामाकडे त्याच्या बरोबरीचे लोक लक्ष देतात की नाही, हे त्यातून कळतं. पण बियाणं किंवा सल्ला घेताना पुढचे प्रश्न जास्त उपयोगाचे :

• वाण अधिकृतपणे प्रसारित झालंय का? कोणत्या भागासाठी?
• शिफारस 'जॉइंट ॲग्रेस्को'त, म्हणजे राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, मंजूर झालीय का? विद्यापीठाची कृषी दैनंदिनी किंवा कृषी सहाय्यक हे सांगू शकतात.
• हळवं, निमगरवं की गरवं? किती दिवसांत कापणीला येतं?
• संकरित आहे का? असेल तर बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागतं. कर्जतचंच 'सह्याद्री' हे असं संकरित भात आहे.
• चाचणी आपल्यासारख्या पावसात आणि जमिनीत झालीय का?

उत्तरं पटली तरी पहिल्या वर्षी एकाच खाचरात लावून बघावं आणि बाकी शेतात नेहमीचं वाण ठेवावं.