चिलीम, पाइप आणि वखार



वसंत व्याख्यानमालेत तंबाखूवर बोलणार असे कळल्यावर आमच्या एका मित्राने विचारले, "का हो, कामगारांचे प्रश्न संपले वाटते?" त्यावर आमचे उत्तर असे की, हाही कामगारांचाच प्रश्न आहे. फक्त आज तो आम्ही धुराच्या बाजूने मांडणार आहोत.

आमची प्रकरणे चालवणारे एक वकील होते. कोर्टाचे काम आटोपून चहा झाला की ते खिशातून पाइप काढीत. आधी डबी उघडून वास घ्यायचा. मग चिमटीचिमटीने तंबाखू भरायची. तळाशी सैल, वर थोडी घट्ट. काडी लावायची, पहिला जाळ विझू द्यायचा, राख हलकेच दाबायची आणि पुन्हा काडी लावायची. "हा घाईच्या माणसाचा छंद नव्हे," असे ते म्हणत. पाइपचे लाकूड म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. ती सहसा जळत नाही, हे आम्हाला त्यांनीच सांगितले. तंबाखूच्या जातीही त्यांनीच ओळखवून दिल्या. व्हर्जिनिया गोडसर. बर्ली दुसऱ्याचा सुवास शोषून घेणारी. लाटाकिया सिरिया-सायप्रसकडची, लाकडाच्या धुरावर वाळवलेली. पेरिक अमेरिकेतल्या लुइझियानाची, पिंपात दाबून आंबवलेली. कोणती किती घालायची यातच सारी खुबी.

कोल्हापूरकराला हे समजायला वेळ लागू नये. आपल्या घरचे तिखट तरी काय असते? झोंबण्यासाठी संकेश्वरी, रंगासाठी ब्याडगी, आणि प्रमाण ज्या त्या घरचे. मिश्रण ही मोठ्या लोकांची मिरास नाही. ती चुलीजवळची विद्या आहे. म्हणून वकीलसाहेबांच्या छंदाला आम्ही कधी नावे ठेवली नाहीत. रसिकता हा काही गुन्हा नव्हे. तथापि त्या सुवासाने आम्हाला दरवेळी दुसराच एक वास आठवे. त्याकडे आपण शेवटी येऊ.

आम्ही सातवीनंतर शाळा सोडली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात. तिथे वाचता वाचता कळले की, या पाइपचा हिंदुस्थानातला पहिला ठळक उल्लेख आपल्या शेजारचाच आहे. तंबाखू मूळ अमेरिकेची. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि घाट चढून आदिलशाहीत आली. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास तिच्यासह रत्नजडित नळी असलेला पाइप बादशहापुढे ठेवला. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले, तोच हकिमांनी हरकत घेतली. बादशहा थांबला. परंतु दरबारी मंडळींनी मागणी केली, व्यापाऱ्यांनी ती पुरवली आणि चाल पडली. त्याच १६०४ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूच्या निषेधाची पुस्तिका छापली. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदीचा हुकूम काढला. दोन्ही राजे हरले. त्या काळी पन्हाळगडही आदिलशाहीतच होता. तेव्हा पाइप आपल्याकडे साहेबाने आणला, ही समजूत खरी नाही; साहेबाचे राज्य यायच्या कितीतरी आधी विजापुरात तो होता.

दरबारातला हुक्का वाड्यावर आला तो गुडगुडी होऊन. त्यात भरायची तंबाखू गुळात नाहीतर काकवीत मळलेली असे. गरिबाच्या वाट्याला आली मातीची चिलीम. तळाशी खडा, वर तंबाखू, त्यावर निखारा, बुडाशी ओली छापी, एवढाच सरंजाम. मळ्यात मोट सुटली की ती एका हातातून दुसऱ्या हातात जाई. शिर्डीचे साईबाबा आणि शेगावचे गजानन महाराज यांच्या कथांतही चिलीम आहेच. मात्र ती कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जायची आणि कुठे थांबायची, हे जात ठरवी. ज्याला वाळीत टाकले, त्याची चिलीम कोणी घेत नसे. गंगाराम कांबळे यांच्या दुकानात जाऊन शाहू महाराजांनी चहा घेतला, ही गोष्ट कोल्हापूर अजून का सांगते? तोंडाला काय लावायचे आणि कुणाच्या हातचे, हा त्या काळी साधा प्रश्न नव्हता म्हणून.

विडीने ही पंगतच मोडली. विडी ज्याची त्याची, खिशात मावणारी, पैशाला परवडणारी. टेंभुर्णीच्या पानात चिमूटभर जर्दा, वर दोऱ्याची गाठ. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगारेट टाकून लोकांनी हाती विडी घेतली, तेव्हा तिला देशभक्तीचेही तेज चढले. गिरणी, गोदी, रेल्वे जिथे जिथे गेली, तिथे तिथे विडी गेली. आणि विडीला हवी होती निपाणीची तंबाखू.

निपाणी कोल्हापूरहून चाळीसेक किलोमीटर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ती पलीकडच्या राज्यात गेली. बोली आणि बाजार मात्र अलीकडेच राहिले. त्या भागातल्या काळ्या जमिनीत विडीची तंबाखू होते. पावसाळ्यात रोप लावायचे, शेंडे खुडायचे, फुटवे काढायचे, पानावर तांबूस ठिपके उठले की कापणी आणि उन्हात वाळवण. ही तंबाखू कडक. गुजरातेतल्या चरोतरची त्या मानाने सौम्य. कारखानदार दोन्हींचे मिश्रण करतात, आणि ते प्रमाण घरच्या तिखटासारखे जपतात. म्हणजे वकीलसाहेबांचा पाइप आणि हमालाची विडी यांची विद्या एकच.

आता वखारीत जाऊ. १९४३ मध्ये इंग्रज सरकारने तंबाखूवर अबकारी बसवली. शेतकऱ्याच्या पानापानाचा हिशेब सुरू झाला, परवाने आले, वखारींना कुलपे आली. कच्च्या तंबाखूवरचा हा कर उठला तो १९७९ मध्ये. पण कुलपे केवळ मालावर नव्हती. बंद वखारीत बायका तंबाखू बडवीत, चाळीत, काडी वेगळी करीत. धूळ बाहेर गेली तर माल गेला, म्हणून वारा नको.

आमची मावशी निपाणीला दिली होती. ती अशाच एका वखारीत जाई. नाव सांगत नाही. नावाने काही फरक पडत नाही, सगळ्या सारख्याच. संध्याकाळी ती आली की आधी तिचा खोकला यायचा, मग ती. हात तीन-तीनदा धुऊन ती भाकरी थापायची, तरी भाकरी कडू लागायची. सुट्टीत आम्ही पोरे तिच्याकडे जायचो आणि कुरकुर करायचो. ती म्हणायची, "खा रं, सवय हुतीया." वकीलसाहेब डबी उघडून डोळे मिटीत, तेव्हा आम्हाला आठवे ती ही कडू भाकरी.

सवय झाली नाही, हे निपाणीच्या बायांचे ऋण. सत्तरीचे दशक संपता संपता त्यांनी संघटना बांधली आणि संप केला. त्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. तंबाखूचा ढीग रचून ठेवला की तो आतूनच तापतो. बाहेरून काडी लावावी लागत नाही. संघटनेचेही तसेच असते, हे आम्ही पुढे तीस वर्षे फिरून शिकलो.

त्याच सुमारास शेतकरीही उठला. मार्च १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो तंबाखू उत्पादक पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ ते हलले नाहीत. एप्रिलात गोळीबार झाला, माणसे मेली. आम्ही तेव्हा लहान होतो. मोठी माणसे हळू आवाजात बोलत होती, एवढे आठवते. विचार करण्याजोगी गोष्ट ही की, भाव मागणारा शेतकरी आणि मजुरी मागणारी बाई एकाच पानाच्या दोन बाजूंना उभी होती. दोघांनाही सांगितले जाई की, दुसऱ्याला दिले तर तुला उरणार नाही. मिश्रण करून विकणाऱ्याचा वाटा किती, हे मात्र कोणी सांगत नसे.

कायद्याने काहीच दिले नाही असे नाही. १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांचा कायदा झाला; घरी विडी वळणारी बाईही कामगार ठरली. १९७६ मध्ये कल्याण निधी आला, त्यातून औषधपाणी आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिच्या किल्ल्या दिल्या गेल्या. पण २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि ज्या उपकरावर हा निधी चाले तो उपकर गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा स्वतंत्र कायदाही त्यांत विरून गेला.

कोणी म्हणेल, तंबाखूने कर्करोग होतो, मग हा धंदा बुडालेलाच बरा. होतो, हे निर्विवाद आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी झाली, ती योग्यच झाली. आमचे वकीलसाहेबही छातीच्या दुखण्यानेच गेले. परंतु मावशीने आयुष्यात एक झुरका घेतला नव्हता. तिची छातीही भरलेलीच होती. धंदा कमी होणार असेल तर खुशाल होवो. मात्र ज्या हातांनी चारशे वर्षांची ही चव चाळून, वळून दिली, त्यांना दुसरे काम आधी आणि टाळे नंतर, हा क्रम असला पाहिजे. आजवर तो उलटाच राहिला आहे. संघटनेची पुढची लढाई आमच्या मते हीच.

मावशीच्या अखेरच्या वर्षांत आम्ही तिला कोल्हापुरात आणले होते. वखार सुटून बरेच दिवस झाले होते. एकदा तिने भाकरी केली. आम्ही घास घेतला आणि म्हणालो, "मावशी, आज कडू नाही लागत." तिने स्वतःचे हात नाकाशी नेऊन हुंगले. "मला अजून येतोय," म्हणाली, आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली.