छापखान्यातून निसटलेल्या नोटा

भारतात सरकारी कागदी चलन 1861 च्या कायद्याने आले, पण नोटा छापून येत इंग्लंडहून. 1928 मध्ये नाशिक रोडला करन्सी नोट प्रेस सुरू झाली आणि छपाई देशात आली. पुढे देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथेही छापखाने उभे राहिले. चुकीची छपाई झालेली नोट म्हणजे या छापखान्यांतल्या तपासणीतून निसटलेली नोट. संग्राहक तिला ‘एरर नोट’ म्हणतात.

नोट एका फेरीत तयार होत नाही. मोठ्या तावावर आधी ऑफसेटने पार्श्वभूमीची नक्षी उमटते, मग बोटाला जाणवणारी उठावदार छपाई होते, शेवटी क्रमांक पडतात आणि नंतर ताव कापले जातात. खरी चूक या क्रमातच घडलेली असते, म्हणून पारखही तिथूनच सुरू होते. छपाईआधी कागदाचा कोपरा दुमडला असेल, तर कोऱ्या जागेची कड सरळ असते आणि तीच घडी पुन्हा घातली की तुटलेली नक्षी जुळते. दुमडलेलाच ताव कापला गेला, तर घडी उलगडल्यावर कोपऱ्याला जादा कागद लटकतो. एखाद्या नोटेवर क्रमांकच नसेल तर अधिक सावध राहावे लागते, कारण शाई रसायनाने उडवता येते. क्रमांकाची शाई अतिनील प्रकाशात चमकते. तिचा पुसट अंश किंवा विस्कटलेला कागद लबाडी उघडी पाडतो.

2006 पर्यंत सदोष नोट काढून तिच्या जागी त्याच क्रमांकाची नवी नोट घातली जाई. त्या वर्षी 10, 20 आणि 50 रुपयांच्या नोटांसाठी क्रमांकात तारा असलेली मालिका आली. पुढे 100 च्या आणि 2016 च्या अखेरीस 500 च्या नोटांनाही ती लागू झाली. ताऱ्याची नोट ही बदली नोट आहे, चूक नव्हे. तिला ‘मिसप्रिंट’ म्हणून विकणे ही नवख्यांची सरळ फसवणूक आहे.

नोव्हेंबर 2016 च्या नोटबंदीनंतर छपाईची घाई झाली. नव्या 500 च्या काही नोटांत दोष दिसले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने ते घाईमुळे राहिले असण्याची शक्यता मान्य केली. जानेवारी 2017 मध्ये मध्य प्रदेशातील श्योपूर जिल्ह्यात शेतकऱ्यांना बँकेतून गांधीजींचे चित्र नसलेल्या 2000 च्या नोटा मिळाल्या.

अशा नोटा बहुधा कोऱ्या पॅकेटात सापडतात, आणि पॅकेटासारखा पुरावा दुसरा नाही. लागोपाठचे क्रमांक एकावर एक ठेवलेल्या तावांच्या एकाच जागेवरून येतात. त्यामुळे शाई कमी पडल्याचा दोष शेजारच्या क्रमांकांवरही कमीअधिक दिसतो, घडीचा दोष मात्र सहसा एकाच नोटेपुरता राहतो. दोषाची नोट तेवढी बाजूला काढून बाकीचे पॅकेट खर्चून टाकणारा संग्राहक तिच्या खरेपणाचा सर्वांत भक्कम साक्षीदार गमावतो.