पूर्ण आवृत्ती आणि सुलभ आवृत्ती : छायाचित्र-संपादनाच्या एका विभागणीचा इतिहास

छायाचित्रांवर संगणकात संस्कार करू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न हमखास येतो : व्यावसायिकांसाठी असलेली मोठी आवृत्ती घ्यावी की नवशिक्यांसाठी काढलेली छोटी? वरवर पाहता हा बाजारहाटाचा प्रश्न आहे. किंमत पाहावी, गरज पाहावी आणि मोकळे व्हावे. परंतु साहित्याच्या अभ्यासकांना 'संपूर्ण' आणि 'संक्षिप्त' आवृत्त्यांचा परिचय असतो. संक्षेप करताना काय गाळले आणि ते कोणासाठी गाळले, यात गाळणाऱ्याच्या मनातली वाचकाची प्रतिमा दिसते, हे आपण जाणतो. हाच न्याय सॉफ्टवेअरला लावून पाहावा, एवढाच आमचा येथे प्रयत्न आहे. त्यासाठी अडोबी कंपनीच्या 'फोटोशॉप' आणि 'फोटोशॉप एलिमेंट्स' या जोडीचे उदाहरण आम्ही घेतले आहे.

ही विभागणी संगणकाने जन्माला घातलेली नाही. १८८८ साली जॉर्ज ईस्टमनने 'कोडॅक' कॅमेरा बाजारात आणला तेव्हाच तिची मांडणी झाली होती. शंभर छायाचित्रे मावतील एवढी फिल्म भरलेला तो कॅमेरा पंचवीस डॉलरला मिळे. फिल्म संपली की ग्राहकाने कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा आणि छापलेली छायाचित्रे व नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत घ्यायचा. १९०० साली आलेल्या 'ब्राउनी'ची किंमत तर एक डॉलर होती. छायाचित्रण घराघरांत पोहोचले ते असे. पण या सोयीबरोबर एक गोष्ट हातातून गेली, ती म्हणजे डार्करूम. कळ दाबणारा एक आणि चित्र घडवणारा दुसरा, असे दोन वर्ग तयार झाले. किती उजेड द्यायचा, कोणता भाग झाकायचा, कोणता अधिक काळा होऊ द्यायचा हे निर्णय नवशिक्याच्या वतीने दुसरेच कोणी घेऊ लागले.

फोटोशॉपच्या उगमापाशीही एक डार्करूमच आहे. मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक ग्लेन नॉल यांनी घराच्या तळघरात ती थाटली होती आणि त्यांचे पुत्र टॉमस व जॉन तेथे छपाई शिकले. १९८७ साली टॉमस नॉल डॉक्टरेटसाठी संशोधन करत असताना त्यांनी मॅकिंटॉशच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर राखाडी छटा दाखवणारा 'डिस्प्ले' नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. जॉन नॉल तेव्हा 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' या चित्रपटांतील विशेष दृश्ये रचणाऱ्या संस्थेत काम करत. दोघांनी मिळून तो प्रोग्रॅम वाढवला. १९८८ साली अडोबीशी करार झाला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉपची पहिली आवृत्ती मॅकिंटॉशसाठी प्रसिद्ध झाली. फोटोशॉपमधील 'डॉज' आणि 'बर्न' ही शब्दांची जोडी थेट डार्करूममधून आलेली आहे. एन्लार्जरखाली हाताने किंवा पुठ्ठ्याने उजेड अडवणे म्हणजे डॉज, आणि एखाद्या भागाला अधिक उजेड देणे म्हणजे बर्न. ईस्टमनने ग्राहकाच्या हातून काढून घेतलेली खोली शंभर वर्षांनी पडद्यावर परत आली, असे म्हणता येईल.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आज ज्याला आपण 'व्यावसायिक' आवृत्ती म्हणतो ती त्या काळी खऱ्या अर्थाने सुलभ आवृत्ती होती. फोटोशॉपच्या आधीही चित्रे संगणकावर बदलली जात, पण 'सायटेक्स'सारख्या लाखो डॉलर किमतीच्या यंत्रणांवर, मोठ्या छापखान्यांत आणि प्रकाशनगृहांत. 'नॅशनल जिओग्राफिक'च्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड याच प्रकारे एकमेकांजवळ सरकवले गेले. आडवे छायाचित्र उभ्या चौकटीत बसवायचे होते, एवढेच त्यामागचे कारण. परंतु छायाचित्राच्या सत्यतेविषयी त्यावरून मोठा वाद झाला. पिरॅमिड हलवण्याची ही ताकद १९८२ साली मूठभरांकडे होती. दहा-पंधरा वर्षांत ती टेबलावरच्या संगणकात आली. तेव्हा 'व्यावसायिक' आणि 'नवशिका' या पदव्या साधनाच्या अंगभूत नसतात. त्या विशिष्ट काळी, विशिष्ट बाजारात दिल्या जातात.

फोटोशॉप व्यावसायिक ठरले ते मुख्यतः छपाईमुळे. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत सीएमवायके, म्हणजे ऑफसेट छपाईच्या चार शाईंची रंगपद्धती आणि पेन टूल आले. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर, अर्थात एकावर एक ठेवता येणारे चित्राचे थर आले. १९९६ मध्ये 'अ‍ॅडजस्टमेंट लेअर' आले; मूळ चित्राला हात न लावता त्यावर दुरुस्तीचा वेगळा थर चढवण्याची सोय त्यामुळे झाली. १९९८ मध्ये 'हिस्टरी' पॅलेट आले आणि केलेल्या कृतींच्या यादीत अनेक पावले मागे जाता येऊ लागले. ही सारी भर छापखाना आणि जाहिरात यांच्या गरजांतून पडत गेली.

दुसरीकडे स्कॅनर आणि डिजिटल कॅमेरे घरांत शिरत होते. स्कॅनरबरोबर फोटोशॉपची कातरलेली 'एलई' आवृत्ती मिळे. १९९६ मध्ये 'फोटोडिलक्स' हे घरगुती वापराचे वेगळे सॉफ्टवेअर आले. या दोहोंची जागा २००१ साली 'फोटोशॉप एलिमेंट्स'ने घेतली. मोठ्या आवृत्तीची किंमत तेव्हा सुमारे ६०० डॉलर होती, एलिमेंट्सची ९९ डॉलर. तिच्यात लेअर होते, अ‍ॅडजस्टमेंट लेअर होते, डॉज-बर्न होते. सीएमवायके, चॅनेल्सचे पॅलेट आणि पेन टूल मात्र नव्हते. साध्या लेअरवर मास्क चढवण्याची सोय तर २०१० मधील नवव्या आवृत्तीपर्यंत थांबली. या गाळण्यामागचे सूत्र सरळ आहे : जो छापखान्यात जाणार नाही त्याला छापखान्याची भाषा नको.

पण गाळणे हा कथेचा अर्धाच भाग झाला. सुलभ आवृत्तीने काही गोष्टी स्वतःच्याही आणल्या. फ्लॅशमुळे लाल दिसणारे डोळे सुधारणे आणि अनेक छायाचित्रे जोडून एक विस्तृत दृश्य बनवणे या सोयी एलिमेंट्समध्ये आधी आल्या आणि मोठ्या आवृत्तीत नंतर गेल्या. ज्ञान वरून खाली झिरपते, हा समज येथे टिकत नाही. दोन्ही आवृत्त्यांचा आवाजही वेगळा आहे. मोठी आवृत्ती साधने मांडून गप्प बसते. छोटी आवृत्ती शेजारी बसून सांगते, आता हे करा, मग ते करा. २०१२ च्या अकराव्या आवृत्तीत तिने आपल्या खोल्यांना 'क्विक', 'गाइडेड' आणि 'एक्स्पर्ट' अशी नावे दिली. नवशिक्यांच्या घरातही तज्ज्ञाची एक खोली ठेवावी लागली, ही गोष्ट बोलकी आहे. 'एलिमेंट्स' या नावातही एक विसंगती आहे. त्याचा अर्थ मूलतत्त्वे. परंतु प्रत्येक रंगाच्या छटा वेगवेगळ्या करून दाखवणारे चॅनेल्स, जे डिजिटल चित्राचे खरे मूलतत्त्व, तेच येथे दृष्टीआड केलेले आहे.

आपल्याकडे या निवडीचा इतिहास वेगळा झाला. कारण बऱ्याच अंशी निवड झालीच नाही. फोटोशॉपची बेकायदा नक्कल असलेली सीडी शहरोशहरी सहज मिळत असे आणि फुकटाच्या भावात 'पूर्ण' मिळत असताना पैसे देऊन 'सुलभ' कोण घेणार? त्यामुळे मराठी डीटीपीच्या जगात एलिमेंट्स हे नाव फारसे रुजले नाही. यातून स्वस्तात हुन्नर मिळाले हे खरे, आणि अनेकांचे पोट त्यावर चालले हेही खरे. पण आपल्याला नेमके काय हवे, हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय त्यात मागे पडली.

शिवाय ज्याला आपण 'पूर्ण' म्हणत होतो ते मराठीच्या दृष्टीने पूर्ण होते का? दीर्घकाळ फोटोशॉपमध्ये युनिकोड देवनागरी धड उमटत नसे. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरे हलन्त दाखवून फुटत. म्हणून मुखपृष्ठकारांना पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'सारख्या, युनिकोडपूर्व सांकेतिक मांडणीच्या फाँटचा आधार घ्यावा लागे. दक्षिण आशियाई लिप्यांची अक्षरजुळणी २०१० नंतरच्या दशकातच त्यात नीट बसली. सीएमवायकेसाठी शेकडो डॉलर मोजणाऱ्या व्यावसायिकालाही 'क्षितिज' हा शब्द सरळ लिहिता येऊ नये, याला व्यावसायिक आवृत्ती म्हणायचे ते कोणाच्या व्यवसायाची, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता.

२०१३ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्तीची मूळ संहिता, सुमारे १,२८,००० ओळींची आणि बहुतांशी पास्कल भाषेत लिहिलेली, कॅलिफोर्नियातील कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने अभ्यासकांना खुली केली. त्याच वर्षी अडोबीने यापुढे नवे फोटोशॉप विकत न देता वर्गणीनेच देण्याचे जाहीर केले. जुनी संहिता वाचायला मोकळी झाली आणि नवी भाड्याची झाली. एकदाच किंमत मोजून मिळणारी म्हणून एलिमेंट्सचे महत्त्व त्यानंतर वाढले खरे, पण २०२४ च्या अखेरीस आलेल्या 'एलिमेंट्स २०२५'पासून तिचाही परवाना तीन वर्षांच्या मुदतीचा झाला. या दोहोंबाहेर 'गिंप' आहेच. बर्कलेच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर आपल्या वापरकर्त्याला कोणत्याच इयत्तेत बसवत नाही.

मग आपल्यासारख्यांनी, म्हणजे जुनी मासिके, हस्तलिखिते, लेखकांची पत्रे स्कॅन करून ठेवू पाहणाऱ्या विद्यार्थी-शिक्षकांनी काय निवडावे? आमच्या मते कसोटी पाठचिकित्सेचीच लावावी. जुन्या पानावर 'ऑटो' बटण दाबले की कागद पांढराशुभ्र होतो. पण त्या सफाईत समासातली पेन्सिलची फिकट नोंद, मागच्या पानावरून उमटलेली शाई, ग्रंथालयाचा अर्धवट शिक्काही जाऊ शकतो. तो पुरावा असतो. मूळ स्कॅन अबाधित ठेवून दुरुस्त्या वेगळ्या थरावर करणे म्हणजे मूळ पाठ वर ठेवून पाठभेद तळटीपेत देणे. मूळ चित्रावरच दुरुस्ती करून जतन करणे म्हणजे एकमेव पोथीवर खाडाखोड करणे. एवढे पथ्य पाळण्यासाठी मोठी आवृत्ती लागत नाही. थर एलिमेंट्समध्ये आहेत, गिंपमध्येही आहेत. दिवाळी अंकाचे रंगीत मुखपृष्ठ थेट ऑफसेटला पाठवायचे असेल, तर मात्र सीएमवायकेची जाण आणि ते हाताळणारे साधन, दोन्ही हवीत.

'मी नवशिका की व्यावसायिक' या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. आपण त्याऐवजी विचारावे ते असे : या चित्रात मी काय बदलणार आहे, तो बदल उद्या दुसऱ्याला दिसेल का, आणि मूळ परत मिळेल का? या तीन प्रश्नांना जी आवृत्ती होकारार्थी उत्तर देऊ देते ती आपल्यापुरती पूर्ण. ज्या अभ्यासकाने हे प्रश्नच विचारले नाहीत, त्याच्या हाती सर्वांत महागडी आवृत्ती असली, तरी काम मात्र ईस्टमनच्या ग्राहकाचेच होते : कळ दाबायची आणि उरलेले निर्णय दुसऱ्यावर सोपवायचे.